शिंपल्याच्या रक्तांतील पहारेकरी

उन्हाळ्यांत कृष्णेचें पाणी ओसरलें म्हणजे सांगलीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत नदीकांठच्या वाळूंत आणि गाळांत शिंपले उघडे पडूं लागतात. मुलें ते वेचतात, घरीं आणतात, आंतल्या बाजूची मोत्यासारखी चकाकी पाहून दोन दिवस हरखतात आणि तिसऱ्या दिवशीं टाकून देतात. विश्रामबागेसारख्या शाळा-कॉलेजांच्या वस्तींत या शिंपल्याला आणखी एक मान आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच गोड्या पाण्यांतील शिंपल्याचें विच्छेदन करून कल्ले, आंतडें आणि हृदय ओळखावयास शिकल्या. शास्त्रज्ञांनीं त्याला लॅमेलिडेन्स असें नांव दिलें आहे. परंतु त्याच्या शरीरांतील सर्वांत विलक्षण वस्तु चिमट्याच्या टोंकाला लागत नाहीं व नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. ती वस्तु म्हणजे त्याच्या रक्तांतील पेशी. जंतूंशीं या पेशी कशा झुंजतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शिंपल्याची अडचण काय आहे ती पाहिली पाहिजे. हा प्राणी चिखलांत अर्धवट रुतून बसतो. अन्न शोधण्यासाठीं तो कोठें जात नाहीं. पाणी आंत ओढून घ्यावें, तें कल्ल्यांच्या बारीक जाळींतून गाळावें, आणि जाळींत अडकलेले सूक्ष्म कण तोंडाकडे लोटावे, हा त्याचा अहोरात्र चाललेला उद्योग. एक मोठा शिंपला ताशीं कांहीं लिटर पाणी सहज गाळतो. समुद्रांतील कालव तर सर्व परिस्थिति अनुकूल असतां दिवसाला सुमारें २०० लिटरपर्यंत पाणी गाळूं शकतें. आतां या पाण्यांत काय नसतें? कुजकीं पानें, जनावरांची घाण, गांवाचें सांडपाणी, आणि या सर्वांवर पोसलेले असंख्य जंतु. जंतु येतात म्हणून शिंपला श्वास घेणें थांबवूं शकत नाहीं, कीं जागा सोडून पळूं शकत नाहीं. शिंपलें मिटून घेणें एवढाच उपाय त्याच्या हातीं, पण मिटून किती वेळ राहणार? अंग मऊ, कातडी नाजूक, आणि शत्रु घरांत शिरलेला, अशी ही स्थिति आहे.

मनुष्याच्या शरीरावर अशी वेळ आली तर त्याच्यापाशीं दोन प्रकारचीं साधनें आहेत. एक, कोणताहि जंतु दिसला कीं त्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. दुसरें, ठराविक जंतूला ओळखून त्याच्यासाठींच घडविलेलीं प्रतिद्रव्यें. देवी काढणें, लस टोंचणें, हे उपाय या दुसऱ्या साधनाच्या बळावर चालतात. परंतु प्रतिद्रव्यें घडविण्याची ही कला पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनाच साध्य झाली आहे. शिंपल्याला ती मुळींच येत नाहीं. त्याचा सारा भरंवसा पहिल्या साधनावर. तरीहि शिंपले त्या गढूळ पाण्यांत वर्षानुवर्षें जगतात. तेव्हां हें एकच साधन किती समर्थ असलें पाहिजे, याची कल्पना येईल.

शिंपल्याचें रक्त पाहून प्रथम तें रक्त आहे असें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. तें बहुधा पाण्यासारखें असतें, फार तर किंचित् निळसर. याला अपवाद आहेत. समुद्राच्या चिखलांत राहणाऱ्या कांहीं शिंपल्यांचें रक्त आपल्याप्रमाणें लाल असतें. नदींतील शिंपल्याच्या हृदयाला तीन कप्पे असतात, आणि गंमत अशी कीं त्याचें आंतडें हृदयाच्या मधल्या कप्प्यांतूनच आरपार जातें. हृदयांतून निघालेलें रक्त थोडें अंतर नळ्यांतून वाहतें आणि मग अवयवांच्या मधल्या पोकळ्यांत मोकळें पसरतें. शेतांत पाटाचें पाणी सोडावें आणि तें वाफ्यावाफ्यांतून मुरत जावें, तसा हा प्रकार. त्यामुळें रक्तांतील पेशी शरीराच्या कोणत्याहि कोपऱ्यांत बिनाअडथळा पोंचूं शकतात.

एका मिलिलिटर रक्तांत या पेशींची संख्या सामान्यतः कांहीं लाखांपासून कांहीं दशलक्षांपर्यंत असते. ती ऋतूप्रमाणें, वयाप्रमाणें आणि पाण्याच्या स्थितीप्रमाणें कमीजास्त होते. त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतात. एका वर्गाच्या पेशींत बारीक बारीक दाणे भरलेले दिसतात. दुसऱ्या वर्गाच्या पेशी स्वच्छ, कांचेसारख्या असतात. जंतूंशीं झुंजण्याचें मुख्य काम दाणेदार पेशी करतात. रक्ताचा थेंब कांचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरला कीं आरंभीं या पेशी वाटोळ्या दिसतात. थोड्याच वेळांत त्या कांचेला चिकटतात, पसरतात, आणि बोटांसारखे फांटे पुढें काढून सरपटूं लागतात. शाळेच्या पुस्तकांत अमीबा नांवाच्या एकपेशी प्राण्याचें चित्र असतें; हुबेहूब तीच चाल.

या पेशी परके कण गिळतात हें प्रथम समुद्रांतील एका मृदुकाय प्राण्याच्या रक्तांतच दिसून आलें. १८६२ सालीं हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानें एका समुद्रगोगलगाईच्या शरीरांत निळीचे कण सोडले आणि थोड्या वेळानें तेच कण रक्तपेशींच्या पोटांत पाहिले. परंतु त्याचा अर्थ काय, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तो अर्थ सांपडण्यास आणखी वीस वर्षें लागलीं.

१८८२ सालीं एलि मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना गांवीं राहत होता. तारामाशाचीं पिलें इतकीं पारदर्शक असतात कीं त्यांच्या अंगांत चाललेलें सर्व कांहीं बाहेरून दिसतें. त्यांतील फिरत्या पेशी पाहतां पाहतां मेच्निकॉफच्या मनांत आलें, या पेशी शरीराच्या शत्रूंशीं लढत असतील काय? त्यानें बागेंतील झाडाचे बारीक कांटे आणून पिलांच्या अंगांत टोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों कांट्याभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! पुढें पाण्यांतील पिसवांवर पडणाऱ्या एका बुरशीच्या रोगांत त्यानें प्रत्यक्ष लढाई पाहिली. पेशींनीं बुरशीचे बीजकण गिळून पचविले तर पिसू जगे. बीजकण अधिक झाले तर तो मरे. या पेशींना त्यानें भक्षकपेशी असें नांव दिलें.

हें मत सुखासुखी मान्य झालें नाहीं. रोगाचा प्रतिकार रक्तांतील पेशी करीत नसून रक्ताचा रस करतो, असें जर्मनींतील मोठमोठ्या विद्वानांचें म्हणणें होतें. पेशी जंतूंना गिळतात हें खरें, पण त्या त्यांना मारतात कीं उलट अंगभर पसरवितात, असा आक्षेप घेतला जाई. पंचवीस वर्षें हा वाद चालला. अखेर १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि रसपक्षाचा पुरस्कर्ता पाउल एर्लिख या दोघांस वांटून देण्यांत आलें. दोघेहि बरोबर होते, हाच त्या वांटणीचा अर्थ.

या वादाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. मेच्निकॉफचा ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९३ सालीं हिंदुस्थानांत आला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगचा उद्भव झाल्यावर त्यानें मेलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. गांवें ओस पाडून लोकांना माळावर झोंपड्यांत राहावयास लावणाऱ्या त्या सांथीच्या कथा सातारा-सांगलीकडील जुन्या घरांतून दीर्घकाळ सांगितल्या जात. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्याचें नांव धारण करते. गुरूनें पेशींचा पक्ष घेतला. शिष्याची लस मुख्यत्वें रक्तरसांतील प्रतिद्रव्यांच्या जोरावर काम करणारी ठरली. शास्त्रांत अशा गोष्टी घडतात आणि त्यांत कोणाचीहि मानहानि होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष शिंपल्यांत काय घडतें तें क्रमानें पाहूं. समजा, कल्ल्याला ओरखडा पडला आणि तेथून जंतु आंत शिरले. पहिली गोष्ट म्हणजे सुगावा. जंतु वाढतांना त्यांच्यांतून कांहीं द्रव्यें पाझरतात. पेशींना त्यांची चाहूल लागते, आणि जिकडे हें द्रव्य अधिक दाट तिकडे त्या सरकूं लागतात. अंधाऱ्या माजघरांत गुळाच्या ढेपेपर्यंत मुंग्या पोंचतात, त्यांतलीच ही जाति. जखमेपाशीं जमलेल्या पेशी एकमेकींस चिकटून गोळा होतात आणि त्या गोळ्यानेंच भोंक बुजते. आपल्या रक्ताप्रमाणें तंतूंची जाळी होऊन गुठळी धरण्याची सोय तेथें नाहीं; पेशी स्वतःच बांधाच्या दगडांचें काम करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. परका कोण आणि आपला कोण, हें कळल्यावांचून गिळावें कोणाला? जंतूंच्या कवचावर विशिष्ट शर्करांची रचना असते. शिंपल्याच्या रक्तरसांत आणि पेशींच्या पृष्ठभागावर लेक्टिन नांवाचीं प्रथिनें असतात, तीं या शर्करांना पकडतात. त्यामुळें जंतु एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात व पेशींना ते धरावयास सोपे जातात. मनुष्याच्या रक्तांत असेंच काम करणारें द्रव्य असतें, त्याला आल्मरॉथ राइट यानें १९०३ सालीं ऑप्सोनिन असें नांव दिलें. ज्या ग्रीक शब्दावरून तें बनविलें त्याचा अर्थ आहे तोंडीलावणें! कोरडी भाकर घशाखालीं उतरत नाहीं, पण चटणी असली म्हणजे चार घांस अधिक जातात. जंतूच्या अंगाला लेक्टिनचें हें तोंडीलावणें लागलें कीं भक्षकपेशी त्याला चटकन् गिळते.

तिसरी गोष्ट गिळणें. पेशी जंतूभोंवतीं आपले फांटे पसरते, ते पलीकडे एकत्र मिळतात, आणि जंतु पेशीच्या आंत एका पिशवींत बंद होतो. येथेंच लढाई संपली असें मात्र नाहीं. चवथी गोष्ट म्हणजे मारणें आणि पचविणें. पेशींतील जे दाणे वर सांगितले, त्यांत पाचक रस भरलेले असतात. हे दाणे त्या पिशवीला येऊन मिळतात व आपला रस तींत ओततात. त्यांपैकीं लायसोझाइम हा रस जंतूची भिंत फोडतो. फ्लेमिंग यानें १९२२ सालीं मनुष्याच्या अश्रूंत व नाकाच्या स्रावांत ज्याचा शोध लावला, त्याचाच हा भाऊबंद. याखेरीज पुष्कळशा जातींच्या शिंपल्यांत पेशी प्राणवायूपासून अत्यंत दाहक अशीं द्रव्यें निर्माण करून जंतूवर सोडते. धुण्याचे कपडे शुभ्र करणारें हायड्रोजन पेरॉक्साइड हें त्यांतलेंच एक. समुद्रांतील शिणाणे वर्गाच्या शिंपल्यांत तर जंतूंच्या पडद्याला भोंकें पाडणारीं चिमुकलीं प्रथिनेंहि या दाण्यांतच सांठविलेलीं असतात.

पांचवी गोष्ट सर्वांत मनोरंजक आहे. पचून उरलेला कचरा जावयाचा कोठें? अमेरिकेंतील स्टॉबर या शास्त्रज्ञानें १९५० सालीं कालवांच्या रक्तांत काळी शाई टोंचली. शाईचे कण पचणारे नव्हेत. रक्तपेशींनीं ते गिळले, आणि मग त्या काळ्या झालेल्या पेशी आंतड्याच्या, कल्ल्यांच्या व इतर अवयवांच्या अस्तरांतून वाट काढून शरीराच्या बाहेर पडूं लागल्या. कांहीं दिवसांत कालवांतून शाई हळूहळू नाहींशी झाली. पेशी आपल्या ओझ्यासह घर सोडून गेल्या, त्या परत आल्या नाहींत. पहारेकऱ्यानें चोराला मिठी मारून त्याच्यासह नदींत उडी घ्यावी, तसें हें कृत्य. आणि शत्रु एका पेशीला गिळतां न येण्याइतका मोठा असला, उदाहरणार्थ एखादा परोपजीवी कृमि, तर अनेक पेशी त्याच्याभोंवतीं थरावर थर देऊन त्याला जिवंत कोंडतात.

ही युक्ति प्राण्यांना सुचली कशी? मेच्निकॉफचें उत्तर साधें आहे. गिळणें ही मुळांत पोट भरण्याची रीत. क्षुद्र प्राण्यांत अन्नाचे कण पेशींच्या पोटांतच पचतात. कालवांमध्यें फिरत्या रक्तपेशी आजहि अन्नाचे कण उचलून पचवितात, असें यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२६ सालीं दाखविलें. म्हणजे जो आचारी, तोच पहारेकरी. स्वयंपाकघरांतील सुरी प्रसंग पडतांच संरक्षणासाठीं हातीं घ्यावी, तसें सृष्टीनें पचनाचें साधन संरक्षणाला जुंपलें.

जंतुहि अर्थातच स्वस्थ बसलेले नाहींत. कांहीं जंतु अंगावर बुळबुळीत आवरण चढवितात, तेणेंकरून पेशीची पकड निसटते. कांहीं गिळले जाऊनहि आंत मरत नाहींत. कांहीं विष सोडून पेशींचें सरपटणेंच थांबवितात. समुद्राच्या पाण्यांतील व्हिब्रिओ कुळांतले जंतु या विद्येंत निष्णात आहेत. पटकीचा जंतु याच कुळांतला. पाणी ऊन झालें कीं ते झपाट्यानें वाढतात, आणि त्याच वेळीं अति उष्णतेनें शिंपल्याच्या पेशी मंदावलेल्या असतात. पावसाळ्यांत कोंकणच्या खाड्यांत पुराचें गोडें पाणी शिरून खारटपणा एकदम उतरतो. खाऱ्या पाण्याला संवकलेल्या पेशींना हा बदलहि मानवत नाहीं. २००८ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावर कालवांचीं पिलें लाखोंनीं मरूं लागलीं. त्याचा उलगडा २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. प्रथम एक विषाणु कालवाच्या रक्तपेशींनाच ग्रासतो. पहारा उठतांच पाण्यांत नेहमीं असणारे जंतु आंत शिरतात, आणि प्राण शेवटीं जंतु घेतात. पहाऱ्याचें मोल पहारा उठल्यावर कळतें, हें येथें अक्षरशः खरें ठरलें.

इतकें समर्थ रक्षण असतां शिंपले खाणाऱ्या माणसाला बाधा कां व्हावी, असा प्रश्न सुज्ञ गृहिणीच्या मनांत येईल. तिसऱ्या, कालवें, शिणाणे हे पदार्थ रत्नागिरी-मालवणकडे घरोघरीं होतात आणि आतां घाटावरहि येतात. याचें उत्तर असें कीं शिंपल्याचा पहारा शिंपल्यासाठीं आहे, माणसासाठीं नाहीं. जे शिंपल्याला अपाय करीत नाहींत असे जंतु व विषाणु त्याच्या अंगांत बिनबोभाट राहूं शकतात. स्वच्छ पाण्यांत दोन दिवस ठेविल्यास मैल्यांतून आलेले सामान्य जंतु पुष्कळ अंशीं निघून जातात. व्हिब्रिओ चिकटून राहतात, आणि विषाणु तर त्याहूनहि चिवट. १९८८ सालीं चीनमधील शांघाय शहरांत सांडपाण्यानें दूषित झालेले शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्यामुळें सुमारें तीन लाख लोकांना कावीळ झाली. ते शिंपले लाल रक्ताच्या जातीचेच होते. म्हणून गटाराच्या मुखाजवळचे शिंपले घेऊं नयेत. उघडा शिंपला टिचकी मारूनहि मिटत नसेल तर तो मेलेला समजून टाकून द्यावा. आणि शिंपलीं उघडतांच भांडें चुलीवरून न उतरवितां आणखी कांहीं मिनिटें चांगलें उकळूं द्यावें. कच्चीं कालवें खाण्याची हौस करूं नये.

शिंपल्याच्या पेशी माणसाला दुसऱ्याहि रीतीनें उपयोगीं पडतात. या पेशींना तांबड्या रंगाच्या एका औषधांत ठेविलें तर निरोगी पेशीच्या पाचक दाण्यांत तो रंग दीर्घकाळ टिकून राहतो. तांबें, कॅडमियम यांसारख्या धातूंनीं किंवा घाणीनें पेशी पीडित असली तर दाण्यांचें आवरण कच्चें होऊन रंग लवकर गळूं लागतो. किती मिनिटांत गळला यावरून पाणी किती बिघडलें याचा अंदाज बांधतां येतो. पाण्याची परीक्षा शिंपल्यांवरून करावी अशी योजना अमेरिकेंत गोल्डबर्ग यानें १९७५ सालीं मांडली, आणि ती पुढें अनेक देशांनीं उचलली. बाटलींत भरून आणलेलें पाणी त्या क्षणापुरतें बोलतें. शिंपला अनेक महिन्यांचा हिशेब सांगतो. मासा घाण पाण्यांतून पळून जाईल, शिंपला जागा सोडीत नाहीं; त्याची साक्ष म्हणूनच अधिक विश्वसनीय. ज्या नदीचें पाणी गांव पितें त्या नदींतून शिंपले नाहींसे होऊं लागले, तर ती गोष्ट केवळ प्राणिशास्त्रज्ञाची राहत नाहीं.

मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गांवीं रोज शेंकडों लोकांचें रक्त तपासलें जातें, आणि पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत असें कळलें कीं डॉक्टर अंगांत कोठें तरी जंतूंचा शिरकाव झाल्याचा तर्क करतात. गळूंतून वाहणारा पू म्हणजे मुख्यत्वें झुंजतां झुंजतां मेलेल्या याच पेशींचा सडा. त्यांची चाल, त्यांचें गिळणें, त्यांचे पाचक दाणे यांत आणि कृष्णेच्या गाळांतील शिंपल्याच्या पेशींत आश्चर्यकारक साम्य आहे. प्रतिद्रव्यांचें ज्ञान माणसाच्या पूर्वजांना फार मागाहून मिळालें. भक्षकपेशींचा हा वारसा त्याहून कितीतरी जुना आहे. लस टोंचून घेतलेल्या माणसाच्या अंगांत नवें शस्त्र येतें खरें, परंतु जंतु शिरल्यावर पहिल्या कांहीं तासांत जें सैन्य धांवून येतें, तें शिंपल्यापाशीं आहे तेंच.